भाव देणारा हात आणि बंदी घालणारा हात



येत्या जिल्हा बैठकांपुढे एक ठराव येणार आहे. कापसाचे भाव हमीभावाच्या खाली जातात, तेव्हा सरकारने राज्यातला सगळा कापूस पुन्हा स्वतः विकत घ्यावा आणि व्यापाऱ्याला खरेदीतून हद्दपार करावे, अशी त्यातली मागणी आहे. ठराव मांडणारे आपलेच कार्यकर्ते आहेत. त्यांच्या छातीवर लाल बिल्ला आहे आणि घरात न विकलेला कापूस आहे. त्यांचा राग खरा आहे. तरीही हा ठराव पास करू नका, असे सांगण्यासाठी मी गारगोटीहून हे लिहितो आहे.

गारगोटीच्या माणसाने कापसावर बोलण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. भुदरगड तालुक्यात पऱ्हाटी औषधालाही सापडायची नाही. वेदगंगेच्या काठाने ऊस, वरच्या अंगाला भात आणि नाचणी. तुम्ही पाऊस येत नाही म्हणून आभाळाकडे बघता, आम्ही तो थांबत नाही म्हणून. पण पिके वेगळी असली तरी तुमच्या-आमच्या गळ्यातला दोर एकाच ठिकाणी वळला गेला, आणि तो कधी वळला गेला हे या गावात बसून चांगले समजते.

13 डिसेंबर 1942. कोल्हापूर संस्थानातल्या या गारगोटीच्या कचेरीवर चले जाव चळवळीतली मंडळी चालून गेली. स्वामी, वारके आणि त्यांचे साथीदार असे सात जण हुतात्मा झाले. आजही दर डिसेंबरात इथे त्यांना मानवंदना दिली जाते, भाषणे होतात. भाषणे करणाऱ्यांत एकही जण सांगत नाही की त्याच 1942 साली, मे महिन्यात, इंग्रज सरकारने अन्नधान्य नियंत्रणाचा हुकूम काढला होता. कोणी किती धान्य विकत घ्यायचे, किती साठवायचे, कुठे न्यायचे हे परवान्यावर आले. कारण काय, तर लढाई चालू आहे. पुढच्या वर्षी कापड आणि सूतही नियंत्रणाखाली आले.

लढाई 1945 ला संपली. हुकूम संपला नाही. 1946 साली एक कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. इंग्रज गेला, कचेरीवरचे निशाण बदलले, आणि 1955 साली या तात्पुरत्या अधिकारांचा कायमचा कायदा झाला. तोच आवश्यक वस्तू कायदा. गोऱ्या साहेबाने लढाईच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या कोठाराला जे कुलूप घातले, त्याची किल्ली काळ्या साहेबाने खिशात घातली. सात जणांनी कचेरीवर जीव दिला तो किल्ली कोणाच्या खिशात असावी हे ठरवण्यासाठी होता काय?

ज्वारीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. साठच्या दशकाच्या मध्याला महाराष्ट्रात ज्वारी आणि भाताची सक्तीची लेव्ही सुरू झाली. तुमच्याकडे ज्वारी, आमच्याकडे भात. जमीन किती त्यावर लेव्हीचा आकडा ठरे. पीक बुडाले तरी आकडा उभा. भाव सरकारचा, माप सरकारचे, पोती वाहून नेण्याचा त्रास आपला. खुल्या बाजारात त्याहून जास्त भाव असे, पण तिथे विकणारा गुन्हेगार. लेकीच्या घरी दोन पोती ज्वारी पोचवायची तर रात्रीच्या वेळी, आडवाटेने, कडब्याखाली लपवून. आपल्या घामाचे धान्य आपल्याच लेकीला देताना चोरासारखे जावे लागते, आणि चोरी पकडणारा शिपाई मात्र उजळ माथ्याने दोन पायल्या ठेवून घेतो, असा तो न्याय होता. मग 1972 चा दुष्काळ पडला आणि ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राने रेशनवर अमेरिकेची लाल मिलो खाल्ली. आठ-दहा वर्षे ज्याच्या पिकाला भाव मिळू दिला नाही, त्याने विहीर कशातून खोदायची होती, बांध कशातून घालायचे होते?

आता मुद्द्याच्या कापसाकडे येतो. इथे जरा थांबून बोलावे लागेल, कारण तिशीच्या आतल्या पोरांनी एकाधिकार पाहिलेलाच नाही आणि ज्यांनी पाहिला त्यांच्यातल्या काहींना तो आता बरा वाटू लागला आहे.

1971 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 1972 च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू म्हणाल तर गोड होते. व्यापाऱ्याच्या हातून शेतकऱ्याला सोडवायचे, कापूस सरकारने घ्यायचा, पिंजायचा, गाठी बांधायच्या, विकायच्या आणि नफा शेतकऱ्याला वाटायचा. राज्यात दुसऱ्या कोणी कापूस घेणे हा गुन्हा. पुढे तीस वर्षे, 2002 पर्यंत, ही योजना या ना त्या रूपात चालली.

ती कशी चालली? बंडी भरून केंद्रावर जा. रांगेत दोन दिवस, कधी चार दिवस. बैलांना वैरण घरून आणलेली. ग्रेडर आला की मूठभर कापूस हातात घेऊन तो तुमचा दर्जा ठरवणार. तुमच्या वर्षभराच्या कष्टाचा दर्जा त्याच्या तोंडून निघाला की अपील नाही, कारण शेजारी दुसरे दुकानच नाही. व्यापारी दर्जा पाडतो तेव्हा बंडी वळवून पुढच्या जिनिंगवर नेता येते. सरकारने दर्जा पाडला तर बंडी कुठे वळवणार? मग चुकारे. कापूस दिवाळीच्या मागेपुढे घातला, पैसे किती हप्त्यांत आणि कधी, ते मुंबई जाणे. सावकाराचे व्याज मात्र दर महिन्याला वाढते आहे. त्यातून भांडवल निधीची कपात, चढउतार निधीची कपात. नावे मोठी. शेतकऱ्याच्या पैशावर शेतकऱ्याला न विचारता चाललेली ही बँक होती.

आणि सर्वांत मोठी गंमत सीमेवर. आदिलाबादला किंवा मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला, सेंधव्याला भाव जास्त असला की महाराष्ट्राचा कापूस रातोरात तिकडे. सीमेवर नाके, नाक्यावर पोलीस, पोलिसाचा दर ठरलेला. यवतमाळचा शेतकरी शेजारच्या जिल्ह्यात कापूस विकायला निघाला तर तो तस्कर, आणि शेजारचा जिल्हा हिंदुस्थानातलाच. उलट बाहेर भाव पडले की तिकडचा कापूस व्यापाऱ्याच्या ट्रकमधून आपल्या केंद्रावर, आपल्या नावावर. म्हणजे भाव चढला की चढाचा फायदा शेतकऱ्याला नाही, आणि भाव पडला की सरकारच्या तिजोरीतला आधारही पुरता शेतकऱ्याला नाही. योजना तोट्यात बुडाली, तेव्हा दोष कोणाला दिला? शेतकऱ्यांचे फार लाड झाले, असे इंडियातल्या शहाण्यांनी लिहिले.

मी तुम्हाला विचारतो, त्या तीस वर्षांत विदर्भात किती जिनिंग नव्या यंत्रांनी उभ्या राहिल्या? रुई स्वच्छ देणाऱ्याला जास्त भाव मिळाला का? मिळण्याचे कारणच नव्हते. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात चांगला माल आणि वाईट माल एकाच ढिगात जातो.

आमच्या उसाचे काय झाले ते ऐका, म्हणजे हे दुखणे कापसापुरते नाही हे पटेल. 1984 साली सरकारने उसासाठी झोनबंदीचा हुकूम काढला. प्रत्येक साखर कारखान्याला त्याचे क्षेत्र आखून दिले. तुमचा ऊस ज्याच्या रेघेत, त्यालाच तो घालायचा. पलीकडचा कारखाना टनाला शंभर रुपये जास्त देतो म्हणून चालणार नाही. कारखाना सहकारी, सभासद आम्ही, मालक म्हणून आमचा फोटोही अहवालात. पण मालकाला आपला ऊस विकण्याची मुभा नाही. निवडणुकीत विरोधी पॅनेलला मत दिले असा नुसता संशय आला तरी तोडणीची चिठ्ठी लांबे, उसाला तुरे येत आणि वजन उतरे. कोल्हापूरच्या उसाला तुमच्या कापसापेक्षा पाणी जास्त होते, गुलामी तेवढीच होती. शेतकरी संघटनेने याविरुद्ध आंदोलन केले, पुढे झोनबंदी उठली. पण दोन कारखान्यांत 25 किलोमीटरचे हवाई अंतर पाहिजे हा महाराष्ट्राचा नियम उरलाच. नवा कारखाना जवळ येऊ नये म्हणून जुन्याला घातलेले ते कुंपण आहे. आणि सप्टेंबर 2023 मध्ये काय झाले? पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून राज्याबाहेर ऊस नेण्यावर सरकारने बंदी घातली. इथून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. सीमेवरच्या शेतकऱ्यांनी ओरड केली तेव्हा काही दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. ऊस जास्त झाला तर कोण विचारतो? शेतात वाळतो. कमी झाला की तो लगेच राज्याची संपत्ती होतो.

हे सगळे सांगितले ते एवढ्यासाठी की आपण मागणी करताना कोणाकडे काय मागतो आहोत हे नीट पाहावे. सगळा कापूस घेण्याचा अधिकार सरकारला देणे याचा दुसरा अर्थ, कापूस दुसऱ्या कोणाला न विकू देण्याचा अधिकार सरकारला देणे. पहिला अधिकार गरजेच्या वेळी मागून घेता येतो. दुसरा परत मिळवायला तीस वर्षे लागली.

माणसाचे स्वातंत्र्य हा शब्द निघाला की आपल्याकडे लोकांना वाटते, ही शहरातल्या शिकलेल्यांची चैन आहे. त्यांना लिहिण्या-बोलण्याचे स्वातंत्र्य पाहिजे, आपल्याला भाकरी पाहिजे. ही समजूत पसरवणाऱ्यांचा त्यात फायदा आहे. इंग्लंडात 1689 साली जॉन लॉक नावाच्या विचारवंताचा ग्रंथ निघाला. त्याचे म्हणणे असे: माणूस स्वतःच्या देहाचा मालक, म्हणून देहाच्या श्रमाचा मालक, आणि ज्या वस्तूत त्याने श्रम मिसळले त्या वस्तूवर त्याचा हक्क. सरकार हा हक्क देत नाही. तो आधीपासून असतो, त्याचे रक्षण करण्यासाठी लोक सरकार नेमतात. हक्क राखायला नेमलेला राखणदारच पीक खाऊ लागला तर त्याला काढून टाकायची मुभा लोकांना आहे. आता सांगा, घामाचे दाम मागणाऱ्या शेतकऱ्याला यात परके काय आहे? लॉकचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याने चांदवडच्या आणि शेगावच्या मैदानावर हेच मागितले.

दुसरे एक उदाहरण दुष्काळाचे आहे आणि ते कोरडवाहू माणसाने लक्षात ठेवावे. 1770 साली बंगालात मोठा दुष्काळ पडला. अॅडम स्मिथने 1776 साली आपल्या ग्रंथात त्याबद्दल लिहिले. पाऊस कमी पडल्याने टंचाई आली असती. पण कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर जी चुकीची बंधने घातली, त्यांनी बहुधा टंचाईचा दुष्काळ करायला हातभार लावला, असे त्याचे मत होते. अडीचशे वर्षे होत आली. टंचाई आली की बंदी घालायची हे औषध कंपनीचे आहे आणि आपली सरकारे अजून तेच पाजतात.

आणि ही विद्या विलायतेतच राहिली असेही नाही. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण शाळेचा काही काळ त्यांचा तुमच्या अकोल्यात गेला. मिल आणि स्पेन्सर यांचा व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार त्यांनी मराठीत रुजवला. 1882 साली त्यांना आणि टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले, ते आमच्या कोल्हापूरच्या प्रकरणात. संस्थानचे कारभारी बर्वे यांच्यावर त्यांच्या पत्रांतून टीका झाली होती, त्या बदनामीच्या खटल्यात. आगरकरांचे भांडण पुढे सरकारपेक्षा समाजाशी जास्त झाले. माणसाने काय खावे, विधवेने काय ल्यावे हे जातीच्या पंचांनी ठरवू नये, असे ते म्हणत. पंचांच्या जागी आज मंत्रालयातला बाबू बसवा. शेतकऱ्याने काय पेरावे, कुठे विकावे हे तो ठरवतो. जोतीबा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोही सरकारी कामगारांच्या लुटीवरच होता. ही आपल्याच मातीतली परंपरा आहे. मधल्या काळात पुढाऱ्यांनी ती अडगळीत टाकली, कारण परवाना वाटणाऱ्याला ती परवडत नाही.

1959 च्या जानेवारीत नागपूरला काँग्रेसने सामुदायिक शेतीचा ठराव केला. जमिनी एकत्र करायच्या, शेतकऱ्याला हिस्सा द्यायचा. त्याविरुद्ध राजाजी, शेतकरी नेते रंगा, मिनू मसानी उभे राहिले आणि त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष निघाला. शरद जोशींनी 1994 साली पक्ष काढला तेव्हा त्याचे नाव स्वतंत्र भारत ठेवले. जाता जाता एक गोष्ट: 1989 पासून या देशात पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. शेतकऱ्याच्या मोकळिकीचा पक्ष काढणाऱ्यानेही आधी समाजवादाची शपथ घ्यायची! जोशींनी राज्यसभेत हे कलम बदलण्याचे विधेयक आणले, ते मंजूर झाले नाही.

जमिनीचेही तसेच. 1951 साली पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्क मोडतो म्हणून कोर्टात जायची सोय बंद झाली. सुरुवात 13 कायद्यांनी झाली, यादी 284 पर्यंत वाढली, आणि त्यात मोठा भरणा जमिनीच्या कायद्यांचा. पुढे 1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढूनच टाकला. कारखानदाराने किती कारखाने काढावेत याला मर्यादा नाही, शेतकऱ्याने किती जमीन धरावी याला आहे. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलन हेच सांगत गावोगाव हिंडत आले आहेत. त्यांचे ऐकायला पन्नास माणसे जमतात आणि कर्जमाफीच्या सभेला पन्नास हजार, हे आपले दुर्दैव.

आता उलट बाजू. ठराव मांडणारे विचारतील, व्यापारी काय साधू आहे? नाही. काट्यात मारतो, ओल धरून भाव पाडतो, पैसे बुडवून पळून जातो. पण नीट पाहा, यातल्या प्रत्येक गोष्टीवर सरकारने जे करायला हवे ते सरकार करत नाही. काटा तपासणे सरकारचे काम, ते होत नाही. पैसे बुडवणाऱ्यावर सहा महिन्यांत निकाल लागणे सरकारचे काम, तारखेवर तारीख पडते. रस्ता सरकारचे काम, पावसात बंडी रुतते. आम्ही सरकार नको म्हणत नाही. राजर्षी शाहूंनी शाहूपुरीची पेठ वसवली, राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले, प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजाची कामे ती. नेमलेली कामे सोडून सरकार दुकान मांडून बसले, म्हणून काटाही खोटा राहिला आणि दुकानही बुडाले.

गावात एकच व्यापारी येतो तेव्हा तो सावकार असतो, दहा आले की ते गिऱ्हाईक होतात. त्याला एकाधिकाराचा उपाय म्हणजे दहाचे नऊ हाकलून एक ठेवणे, आणि त्या एकाच्या हातात पोलीसही देणे.

दुसरे म्हणतील, हमीभाव तरी हवाच ना? 2025-26 साठी मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये जाहीर झाला. सीसीआयच्या केंद्रावर ओल 12 टक्क्यांच्या वर दिसली की बंडी परत. आधी मोबाइलवर नोंदणी, मग सात-बारा, मग एकरी किती क्विंटल घ्यायचे त्याचा आकडा. रांग तीच, फक्त हातात मोबाइल आला. तरीही सीसीआयने एक गिऱ्हाईक म्हणून बाजारात उभे राहायला माझी हरकत नाही. सरकार आपल्या हाताने भाव पाडत असेल तोवर त्याने खालची पायरी तरी धरून ठेवावी.

आणि पाडते ते असे. एप्रिल 2010 मध्ये कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली. मार्च 2012 मध्ये निर्यातबंदीच घातली आणि आठवडाभरात अर्धी मागे घेतली. भाव पडायचा तो पडला. 2021 च्या अर्थसंकल्पात कापसावर 11 टक्के आयात शुल्क लावले. भाव चढला तेव्हा 2022 मध्ये ते काही महिने काढले, पुन्हा 19 ऑगस्ट 2025 ला काढले ते वर्षअखेरपर्यंत, म्हणजे बरोबर आपली वेचणी बाजारात येण्याच्या वेळी. आपल्यातले काही म्हणतात, आयात कायमची बंद करा. मी तसे म्हणणार नाही. निर्यात खुली मागायची तर आयातीला दार लावून बसता येत नाही. 1993 साली सगळा देश डंकेल प्रस्तावाच्या नावाने बोटे मोडत होता, तेव्हा आपली संघटना जगाच्या बाजारात उतरू म्हणाली, ती काही घाबरून नव्हे. पण कुस्ती दोन्ही मल्लांचे हात मोकळे असताना होते. अमेरिकेच्या आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याला तणनाशक सोसणारे कापसाचे वाण पेरता येते. आपण पेरले तर गुन्हा. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला आपल्या लोकांनी ते जाहीरपणे पेरले, त्या वेळच्या कायद्यात पाच वर्षे तुरुंग आणि लाख रुपये दंड लिहिलेला असताना पेरले. परदेशातून त्याच वाणाची रुई आली तर तिला बंदर खुले. रुई चालते, ती पिकवणारा इथला शेतकरी तेवढा चालत नाही. 2001 साली गुजरातेत बीटीची पऱ्हाटी उपटून जाळण्याचा हुकूम निघाला होता, शेतकरी आडवे झाले आणि मार्च 2002 मध्ये बीटीला परवानगी आली. सरकार तेव्हाही शेतकऱ्याच्या मागून आले. बियाण्याची किंमतही सरकारच ठरवते. 2009 मध्ये कापसाचे बियाणे त्याच आवश्यक वस्तू कायद्यात घातले, 2015 मध्ये त्यावर किंमत नियंत्रणाचा हुकूम आला. पाकिटामागे थोडे पैसे वाचले. पण नवे वाण आणणाऱ्याने ते इथे आणावे कशाला, हे कोणी विचारले नाही.

ज्वारीची गत याहून वाईट, कारण तिच्यावर आता बंदीही घालावी लागत नाही. 2023 हे जगाने भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. दिल्लीत ज्वारी-बाजरीच्या मेजवान्या झाल्या. त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपासून रेशनवरचा गहू-तांदूळ फुकट झाला. फुकटाच्या पोत्याशेजारी ज्वारीचे पोते ठेवून शेतकऱ्याने कोणता भाव सांगावा? गरिबाला मदत करायची तर त्याच्या हातात पैसे द्या, त्याला ज्वारी खायची तर तो ज्वारी घेईल. त्याने काय खावे हेही सरकारनेच ठरवले, आणि ठरवताना पंजाबचे गोदाम पाहिले, सोलापूरचे शेत पाहिले नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने तीन कायदे केले. घाईने केले, कोणाला न विचारता केले, पण त्यातल्या एकाने 1955 च्या कायद्याचा विळखा थोडा सैल होत होता. दिल्लीच्या वेशीवर आंदोलन झाले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिन्ही मागे घेतले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर आपले अनिल घनवट होते, त्या समितीचा अहवाल धूळ खात पडला तो पडलाच. पंजाबच्या शेतकऱ्याला सरकारी खरेदीत आपले भले दिसते, कारण त्याचा जवळपास सगळा गहू-भात सरकार घेते. त्याचे त्याच्यापाशी. कोरडवाहू शेतकऱ्याने त्याची नक्कल करू नये. एकाधिकाराचे औषध आपण तीस वर्षे पिऊन पाहिले आहे.

म्हणून मूळ ठरावाला अशी दुरुस्ती सुचवतो. सीसीआयने हमीभावाने खरेदी करावी, पण बाजारातले एक गिऱ्हाईक म्हणून. शेतकऱ्याने कोणाला विकावे यावर कोणतेही बंधन येऊ नये. कापूस, ज्वारी, ऊस वा कोणत्याही शेतमालाच्या निर्यातीवर, वाहतुकीवर किंवा साठ्यावर सरकारने बंदी घातली, तर बंदीच्या आदल्या दिवशीचा भाव आणि नंतरचा भाव यांतला फरक सरकारने विकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला भरून द्यावा. रस्त्यासाठी जमीन घेतली तर मोबदला द्यावा लागतो, मग भाव घेतला तर का नाही? आणि शेतमाल व शेतीचे बियाणे आवश्यक वस्तू कायद्यातून बाहेर काढावे.

मूळ ठराव आधी मताला आला तर ही दुरुस्ती मांडायला अध्यक्षांकडे वेळ मागून घ्या. ज्यांच्या घरी एकाधिकाराच्या काळातल्या खरेदीच्या पावत्या आणि चुकाऱ्यांच्या चिठ्ठ्या अजून असतील, त्यांनी त्या बैठकीला बरोबर आणाव्यात. ज्या दिवशी कापूस घातला ती तारीख आणि ज्या दिवशी शेवटचा पैसा मिळाला ती तारीख, दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा. मतदान त्यानंतर घ्या.